मेडलची कड

मेडल ओळखायचं तर राजाच्या तोंडाकडे बघायचं नाही, कडेकडे बघायचं. हे मला चौदाव्या वर्षीच कळलं होतं, आणि त्या वयात जे कळतं ना, त्याचा माज फार असतो बघा.

आमचं सोनाराचं दुकान पापडी गावात. लढाई संपली, इंग्रज गेला, तशी आसपासच्या गावांतल्या लोकांनी पेट्यांच्या तळाशी जपलेली मेडलं मोडीत काढायला आणली. कुणाला जोडवी हवी, कुणाला बाळाचे वाळे. फीत कापायची, मेडल मुशीत टाकायचं, की राजाचं पाणी व्हायला कितीसा वेळ! बाबा त्यातलं एखादं मला ठेवू द्यायचे. बिस्किटाच्या डब्यात अशी माझी अठरा-वीस जमली होती.

ओळखायला शिकवलं ते आमच्या मागच्या वाडीतल्या एका ख्रिस्ती काकांनी. मुंबईला लष्करी गोदामात कारकून होते, आता पेन्शन घेऊन केळी लावत होते. त्यांनी मला एक भिंग दिलं आणि इंग्रजी अक्षरं शिकवली ती पाटीवर नव्हे, मेडलच्या कडेवर. तिथं बारीक ठशांत शिपायाचा नंबर, नाव, पलटण ठोकलेली असते. "तोंड सगळ्यांवर एकच," काका म्हणायचे, "माणूस कडेवर असतो." आणखी एक त्यांनी सांगितलं. पहिल्या महायुद्धाचं मेडल दोन धातूंत निघालं. बंदूकवाल्याला चांदीचं आणि दगड उचलणाऱ्या, खड्डे खणणाऱ्या मजुराला ब्राँझचं, म्हणजे बघायला तांब्यासारखं लाल. साचा तोच, राजा तोच, मागे कवटी तुडवणारा तो नागडा घोडेस्वारही तोच.

तर आमच्या दुकानाच्या ओट्यावर रोज एक म्हातारा येऊन बसायचा. मिठागराकडच्या वस्तीतला. पहिल्या लढाईत समुद्रापार बसऱ्याला जाऊन आलेला, म्हणून सगळे त्याला मिल्ट्रीआबा म्हणत. लग्नकार्यात छातीवर मेडल लावायचा. बसऱ्याचं ऊन, माश्या, पाण्याविना तडफडलेली खेचरं, सगळं असं सांगायचा की ऐकणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी. पण जीभ वाईट. मी भिंग घेऊन बसले की सुरू व्हायचा.

"शेट, ही पोर सासूच्या भाकऱ्या पन भिंगातून बघील हां!"

एकदा चार गिऱ्हाईकं बसलेली असताना म्हणाला, "हिला कोन नवरा गावतोय? तो मेडलावरचा घोडेवाला द्या हिला. कापडाचा पन खर्च नाय!"

सगळे खो खो हसले. बाबाही हसले. त्या दिवसापासून आळीतल्या मुली मला 'घोडेवाल्याची बायको' म्हणू लागल्या. मी आबाला विसरले नाही.

त्या वर्षी शाळेच्या हेडमास्तरांनी ठरवलं, पंधरा ऑगस्टला झेंडा आबाच्या हातून फडकवायचा. गावात लढलेला माणूस हा एकच. कुणाकडून लढला होता ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. आबाला जन्मात कुणी पुढे बोलावलं नव्हतं. पोराच्या घरात कोपऱ्यात जेवणारा माणूस तो. त्या बोलावण्यानंतर सून ताट आधी वाढायला लागली, असं तोच सांगत होता. पांढरा कोट शिवला त्याने. आणि आदल्या दिवशी सकाळी मेडल घेऊन दुकानात आला. बाबा गिऱ्हाइकाकडे गेले होते.

"बापाच्याच हातात दे," म्हणाला. "तो करील पालिश. तू हात लावू नको."

हात लावू नको म्हटल्यावर काय होणार! हातात घेतल्याबरोबर ते मला हलकं लागलं. चांदीचं इतकं हलकं नसतं. भिंग लावलं. नंबर, आबाचं नाव, आणि शेवटी 'लेबर'. मग चिंच आणि राख घेऊन राजाचं नाक घासलं. घासत राहिले. चांदी गेली आणि खालून लाल नाक बाहेर आलं.

आता सांगते, तेव्हाही गप्प बसता आलं असतं. बाबांच्या हातात दिलं असतं तर त्यांनी तासाभरात नाक पुन्हा पांढरं केलं असतं. मी दिलं नाही. मी वाट बघितली. संध्याकाळी आबा आला तो हेडमास्तरांना घेऊन, पाठोपाठ ओट्यावरची नेहमीची मंडळी. बाबाही परतले होते. मी सगळ्यांसमोर मेडल तळहातावर धरलं.

"आबा, हे चांदीचं नाही. हे मजुरांचं आहे. कडेवर लिहिलंय, लेबर."

हेडमास्तरांनी ते खिडकीपाशी नेलं. त्यांना इंग्रजी येत होतं. त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे परत दिलं.

"म्हणजे आबा, तू बंदूक धरलीच नाय?" कुणीतरी विचारलं.

"फावडा धरला," आबा म्हणाला. "गोली काय इचारून लागते, तू लेबर काय म्हनून? पटकीच्या साथीत मानसं मेली, ती मी पुरली. या हातांनी."

"म्हणजे खड्डे खणायला गेलता!"

हसू फुटलं ते थांबेना. आबा बाबांकडे वळला. "शेट, तू तरी सांग. तूच बोल्लास ना, आबा, चांदी चढवून देतो, कोनाला कलनार नाय. बोल की."

मी बाबांकडे बघितलं. मला हे ठाऊक नव्हतं. मुलामा त्यांच्याच हातचा होता. पण पापडीच्या सोनाराने तांब्यावर चांदी चढवून दिली, हे चार लोकांपुढे कबूल केलं असतं तर दुसऱ्या दिवशी बायका आपापल्या पाटल्या घासून बघायला आल्या असत्या.

"मी?" बाबा म्हणाले. "आबा, म्हातारपणी खोटं बोलू नये. माझ्या दुकानात असली कामं होत नाहीत."

 आबा मेडल न घेता ओटा उतरून गेला.

झेंडा भातगिरणीच्या मालकाने फडकवला. मी पहिल्या रांगेत उभी होते आणि खरं सांगते, मला मोठी झाल्यासारखं वाटत होतं. काकांना मी फुशारकीने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, भिंग मागून घेतलं आणि पुन्हा कधी दिलं नाही. आबाचं नाव पडलं लेबर. पोरं रस्त्यात त्याच्यापुढे खड्डा खणल्याचं सोंग करायची. सुनेने तो पांढरा कोट फाडून फडकी केली. हे तिनेच ओट्यावर येऊन हसत सांगितलं.

दिवाळीच्या आसपास तो एकदा दुकानात आला. बाबा आत जेवत होते.

"मेडल हाय ना?"

मी डब्यातून काढून पुढे केलं. त्याने घेतलं नाही.

"कानस घे. तुला वाचता येते. आता काढता येते काय ते बघू."

मला वाटलं, लेबर घासायचं म्हणतोय. मी तिथंच कानस टेकवली.

"ते नको," म्हणाला. "ते राहू दे. नाव काढ."

मी चिमट्यात मेडल आवळलं आणि घासायला लागले. लाल कीस फळीवर पडत होता. बाबांचं जेवण झालं, ते दारात आले, बघितलं आणि परत आत गेले. नावाची अक्षरं गेली. मी फुंकर मारून त्याच्या हातात दिलं. त्याला वाचता कुठे येत होतं? त्याने अंगठ्याचं नख कडेवरून हळूहळू फिरवलं, एका जागी थांबला.

"अजून लागतंय," म्हणाला.

मी पुन्हा कानस उचलली.