निर्गुंडीचा पाला

लग्नानंतरच्या पहिल्या वेळअमावस्येला मला गोचीड चावली. आमचं किराणा दुकान सोलापुरात, शेती मंद्रूपच्या बाजूला. वेळअमावस्येला अख्खं घर शेतात जेवायला जायचं. मी नातेपुत्याची, माझ्या माहेरी हा सण नव्हता. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, आंबील आणि ओल्या दाण्यांची, भाज्यांची भज्जी पोटभर खाल्ली आणि गोठ्याजवळच्या बाजेवर मी जरा लवंडले. दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना गुडघ्यामागे मसुरीएवढी गोचीड हाताला लागली. ओढून काढली, बंबात टाकली आणि विसरून गेले.

आठ-दहा दिवसांनी तिथे लाल चट्टा उठला. बांगडीएवढा झाला, मधे फिका, कडेला लाल. खाजत नव्हता की दुखत नव्हता. मग चार दिवस ताप आला आणि गेला. चट्टाही गेला. उन्हाळ्याच्या तोंडावर मात्र डावा गुडघा सुजला.

हल्ली डॉक्टर गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम नावाच्या आजाराबद्दल सांगतात. माझं दुखणं तेच होतं का, असं मी एका तरुण डॉक्टरीणबाईंना विचारलं. "आपल्याकडे फार क्वचित सापडतो. आणि इतक्या वर्षांनी कसं सांगू?" त्या म्हणाल्या. खरंच आहे. सत्तरच्या दशकात तर माझ्या दुखण्याला नावच नव्हतं, आणि बिननावाच्या दुखण्यावर घरच्यांनी विश्वास तरी कसा ठेवायचा?

त्यातून ते एका जागी थांबायचं नाही. या आठवड्यात गुडघा, पुढच्या आठवड्यात मनगट, मग खांदा. मधेच दोन दिवस काहीच नाही. थकवा मात्र रोजचा. दोन घागरी पाणी भरलं की भिंतीला टेकून बसायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढून बघायच्या.

"काल गुडघा व्हता की. आज मनगट?"

दवाखान्यात रक्त तपासलं, काही निघालं नाही. घरात आत्याबाई शेजारणीशी कानडीत बोलायच्या. मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी वाटायचं, माझ्याबद्दलच चाललंय. हे, म्हणजे माझे यजमान, दोघींच्या मधे बसून ताटाकडे बघत जेवायचे.

एका बाजारच्या दिवशी यांनी मंद्रूपहून भुकटीच्या पुड्या आणल्या. "शंभर टक्के झाडपाला आहे, असं म्हणाला तो माणूस," हे म्हणाले. तिसऱ्या दिवशी दुखणं पार गेलं. मी सगळ्यांच्या भाकऱ्या थापल्या, अंगण सारवलं, गादीची खोळ धुतली. महिना-दीड महिना मी नुसती पळत होते. मग चेहरा गोल व्हायला लागला. आरशात गाल बघून मला हसू यायचं, पण हे घाबरले आणि मला एका लेडी डॉक्टरांकडे घेऊन गेले.

बाईंनी पुडी उघडून हातावर घेतली. "यात पाला असेल, नाही असं नाही. पण कुणीतरी स्टेरॉइडची जोराची गोळी कुटून घातलेली दिसते, चेहरा त्यानंच सुजलाय. त्याशिवाय इतक्या लवकर उतार पडत नाही. एकदम बंद करू नका हं, अंगावर येईल. मी सांगते तसं कमी करायचं." त्यांनी आपल्या गोळ्या दिल्या आणि हळूहळू त्याही कमी केल्या.

पुड्या सुटल्या आणि दुखणं दुपटीनं परत आलं. आता खांदा वर जाईना. तीन दिवस मी तोच अंबाडा घालून वावरत होते. चौथ्या दिवशी सकाळी यांनी दुकानाला निघता निघता दार लोटलं आणि फणी हातात घेतली.

"बस. कसं धरायचं तेवढं सांग."

"अहो, कुणी बघेल."

"बघू दे."

दुकानात दिवसभर पुड्यांना दोरा गुंडाळणारी त्यांची बोटं. पहिली वेणी अशी करकचून घातली की माझ्या भुवया वर चढल्या. मी हसले तर म्हणाले, "सैल पुडी सुटते." दुखण्यात हसू आलेलं मला तेवढंच आठवतं. मग रोजच ते वेणी घालायला लागले, दार लोटून, घाईघाईनं, कुणाला न कळू देता. लाज त्यांनाही वाटत होती, पण एकही दिवस चुकला नाही.

पंधरा-वीस दिवसांनी आत्याबाईंनी काहीतरी मागायला दार ढकललं. यांच्या तोंडात रिबन, हातात माझे केस. हे तसेच थिजले. आत्याबाईंनी माझ्या खांद्याकडे पाहिलं, मी तो कसा सांभाळून धरला होता ते पाहिलं आणि दार ओढून घेतलं. मला वाटलं, संध्याकाळी आता ऐकावं लागणार.

संध्याकाळी त्या ओढ्याकाठून आल्या, ओटीत हिरवा पाला घेऊन. तीन-तीन, पाच-पाच पानांचा, उग्र वासाचा.

"लक्की," त्या म्हणाल्या. "तुमच्यात निर्गुंडी म्हणत्यात."

पानांना एरंडेल चोपडून त्यांनी ती तव्यावर गरम केली. मला भिंतीशी बसवलं. मी भाकऱ्या राहिल्यात म्हणून उठू लागले तर खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सुम्न कूड." मग मला कळलं नाही हे लक्षात येऊन, "गुमान बस म्हणलं. भाकरी मी करती."

मी शिकलेलं पहिलं कानडी वाक्य ते.

जुन्या मऊ लुगड्याची पट्टी खांद्याला गुंडाळता गुंडाळता त्या खाली बघूनच बोलल्या. "मला वाटलं, पोर कामाला भेतीय. चुकलं माझं."

"आत्याबाई, असं नका म्हणू."

"म्हनू दे. तुझ्या नवऱ्याच्या पाठची पोरगी झाली तवा माझी कंबर गेल्ती. सासू म्हणायची, सोंग करतीया. दोन वर्सं मी आंधारात, चुलीपाशी रडली. कुणी इचारलं न्हाय मला. आन् मी बी तेच केलं की तुला."

पट्टीची गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला. मी त्यांचा हात धरला. नीट धरताही येत नव्हता, बोटं वळत नव्हती, पण त्यांनी तो काढून घेतला नाही.

पुढच्या खेपेला त्या स्वतः माझ्याबरोबर डॉक्टरबाईंकडे आल्या, पाल्याची फांदी पिशवीत घालून. डॉक्टर हसल्या नाहीत. "शेक द्या, पाला बांधा, आराम पडेल. पण पोटात काही द्यायचं असेल तर आधी मला दाखवा," म्हणाल्या. बाहेर आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "लई शहाणी हाय ही. न्हाय म्हणली न्हाय."

मग आमचं ठरून गेलं. आठवड्यातून दोनदा घंगाळात निर्गुंडी उकळून गोधडीखाली वाफ. सकाळी प्यायला सुंठ घातलेलं हुलग्याचं माडगं. आणि सगळ्यात अवघड औषध, थकायच्या आधी बसणं. ते मला जमायचं नाही. बरं वाटलेल्या दिवशी मी सगळं घर डोक्यावर घ्यायची आणि पुढचे तीन दिवस आडवी व्हायची. आत्याबाईंनी मला धान्य निवडायला बसवलं, ताक घुसळायला बसवलं, आणि बसल्या बसल्या कानडी शिकवली. त्या शेजारणीनं एकदा विचारलं, पाय कसे आहेत, तर मी म्हटलं, "इवत्त चलो अद." आज बरे आहेत. दोघी इतक्या हसल्या की मलाच शंका आली, मी भलतंच काही बोलले की काय.

पाल्यानं मी बरी झाले असं मी म्हणणार नाही. बरी मी झालेच नाही. दुखणं आधी महिन्यातून तीनदा यायचं, मग दोनदा, मग कधी कधी दोन महिने यायचंच नाही. काय लागू पडलं, शेक, गोळ्या की नुसता काळ, मला माहीत नाही. पण गरम पाला अंगाला लागायचा तेव्हा कुणाचा तरी हात मागे असायचा, आणि तेवढा वेळ दुखणं एकटीचं नसायचं.

वेणीचं काम काही दिवसांनी आत्याबाईंनी यांच्याकडून काढून घेतलं. "ह्याची येणी म्हणजी गुळाच्या ढेपंला बांधल्याली सुतळी," म्हणाल्या. हे बिचारे जरा हिरमुसले.

दशक संपता संपता गल्लीत बालवाडी निघाली. लग्नाआधी झालेलं माझं शिक्षण तसंच पडून होतं. मी घाबरत तिथे शिकवायचा विषय काढला तर आत्याबाईच म्हणाल्या, "बसून करायचं काम हाय. जा की." मी सतरंजीवर बसून चाळीस पोरांना गाणी शिकवायला लागले. वाईट दिवशी निरोप पाठवायची, शेजारच्या वर्गातली बाई माझाही वर्ग बघायची. पहिल्या महिन्यात असे सहा दिवस गेले. संचालकांनी विचारलं, "जमेल का तुम्हाला?" मी म्हटलं, "रोज जमणार नाही. पण जमेल." त्यांनी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी पाठ टेकायला भिंतीकडची जागा मोकळी करून ठेवली होती.