चौथी टाकी

जावई पहिल्यांदा त्या घरात गेला तो मुलीला मागणी घालायला. दार उघडणाऱ्या गृहस्थांच्या कपाळावर दिवा होता, एका डोळ्यात भिंग रुतवलेलं होतं आणि हातात चिमटा होता. त्यांनी ‘या’ म्हटलं नाही, ‘कोण आपण’ म्हटलं नाही. ते इतक्या जोरात ओरडले, की खालच्या मजल्यावरचं तान्हं मूल दचकून उठलं आणि पुढं शाळेत जाईपर्यंत तोतरं बोलत होतं म्हणे.

“हलू नका! शिडी पडलीय!”

जावयानं घाबरून वर पाहिलं.

“वर काय बघताय? खाली! तुमच्या बुटापाशी! मुंगीच्या मिशीएवढी आहे!”

पुढचा सगळा वेळ भावी सासरा आणि भावी जावई रांगत होते. ओळखपाळख कोचाखाली झाली. मागणी टेबलाखाली घातली गेली.

“काय काम काढलंत?” सासऱ्यांनी फरशीला गाल टेकवून विचारलं.

“तुमच्या मुलीशी लग्न करायचंय.”

“असं. नजर कशी आहे?”

“चांगली आहे.”

“मग त्या पायपुसण्याखाली बघा.”

शिडी शेवटी जावयाच्या पँटच्या दुमडीत सापडली. सासऱ्यांनी ती चिमट्यानं उचलली, तिच्यावर हलकेच फुंकर मारली आणि आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाले, “अगं, चहा टाक. शिडी घेऊन आलेत.” लग्न ठरलं ते असं. हुंड्यात जावयानंच शिडी दिली, असं त्याची बायको पुढं जन्मभर सांगत राहिली.

सासरे धंद्यानं कवळ्या बनवणारे. दातांचे डॉक्टर लोकांच्या बोळक्यांचे साचे पाठवत आणि सासरे त्यात दात उभे करत. गावातले अर्धेअधिक म्हातारे सासऱ्यांच्या दातांनी हसायचे, सासऱ्यांच्या दातांनी चावायचे आणि रस्त्यात भांडण झालं तर सासऱ्यांवरच ते दात खायचे. समोरचा खवळून ओरडायला लागला, की हे त्याच्या तोंडात वाकून बघत. “वा! खालची ओळ अजून हललेली नाही!” भांडण तिथंच विरघळायचं.

पण कवळ्या हे पोटासाठी. चार वाजले, की कवळ्यांचं प्लॅस्टर, कवळ्यांची तार, कवळ्यांच्या कानशी, सगळं तेच सामान तसंच पुढं सरकायचं आणि त्यातून अंतराळयानं निघायची. यानं म्हणजे फार नव्हेत. रॉकेटबद्दल सासऱ्यांना एक प्रकारचा तुच्छभाव होता. “रॉकेट काय, पाहुणा आहे. येतो, धूर करतो, जातो. मागं जळत उभा राहतो तो मनोरा.” त्यांचा सगळा जीव त्या मनोऱ्यावर. रॉकेटला शेवटपर्यंत धरून ठेवणारे लोखंडी हात, जिने, कठडे, पाण्याचे नळ, विजेचे खांब, सगळं फोटोंवरून मोजून, जवाच्या दाण्याएवढ्या माणसाच्या मापानं. जिन्याला पायऱ्या किती हे ते कुणाला सांगत नसत. “मोजून घ्या,” म्हणत, आणि खरंच कुणी मोजायला लागलं की मायेनं त्याच्याकडं बघत बसत.

भिंगातून त्यांना मुंगीचे गुडघे दिसायचे. भिंग काढलं, की समोर बायको उभी आहे की कपाट, हे ते आवाजावरून ठरवत.

“म्हणून तर संसार टिकला,” सासूबाई म्हणत. “मला नीट बघितलंय कुठं यांनी!”

जावई लिफ्ट दुरुस्त करणारा. लग्नानंतर घर मिळेपर्यंत चार दिवस राहू म्हणून दोघं आले, ते राहिलेच. शेजारी ‘घरजावई’ म्हणत, सासरे म्हणत, “मला उजेड धरायला माणूस लागतो.” आणि जावई उजेड धरायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत, प्लॅस्टरच्या भुकटीत, बॅटरी हातात घेऊन तो तासन् तास उभा राहायचा आणि त्याला ते आवडायचं. त्याचा स्वतःचा बाप त्याच्याशी कधी एवढा वेळ गप्प बसला नव्हता.

मोठा मनोरा पुरा व्हायला आला तेव्हा अडलं ते टाक्यांवर. मनोऱ्याच्या पायथ्याशी वायूच्या चार गोल टाक्या असतात, अर्ध्या जमिनीत पुरल्यासारख्या, वर घुमट. तो घुमट सासऱ्यांना पितळेचा हवा होता. त्यासाठी त्यांनी सज्जाच्या कठड्याचा एक नट नमुना म्हणून निवडला.

हा कठडा कसा होता ते सांगायला हवं. सज्जाच्या पुढच्या बाजूला दोन खांब. लोखंडी कठडा बाहेरून त्या खांबांना टेकवलेला, त्याचे चार बोल्ट खांबांतून आत आलेले आणि आतून प्रत्येकावर एक पितळी, टोपीवाला नट, कबुतराच्या अंड्याएवढा. घर बांधणाऱ्यानं हौसेनं बसवलेले. कठडा म्हणजे ते चार नट, दुसरं काही नाही.

सासऱ्यांनी कवळीच्या रबरात एका नटाचा ठसा घेतला, प्लॅस्टरचे डझनभर घुमट ओतले, सोनेरी रंगवले आणि ताटलीत मांडले.

“अगदी पितळ!” जावयाची बायको म्हणाली.

“पितळ नाही. पितळेची थाप आहे ही.” त्यांनी ताटली खिडकीत सरकवली आणि जावयाला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेले.

तिथं काय झालं ते जावयानं कानांनी ऐकलं. सासऱ्यांनी दुकानदाराला समजावून सांगितलं: “वायूची टाकी पाहिजे. गोल. अर्धी जमिनीत, अर्धी वर. पितळी.”

“काका, टाक्या पलीकडच्या गल्लीत. प्लॅस्टिकच्या मिळतील. गच्चीवर बसवून देतात.”

“गच्चीवर नाही हो, टेबलावर!”

दुकानदारानं जावयाकडं बघितलं. जावयानं आभाळाकडं.

त्यानंतर सासरे मिटले. जेवायला बसत, घास हातात धरून मनोऱ्याच्या पायथ्याशी राहिलेल्या चार भोकांकडं बघत राहत. कवळ्यांचं काम साचलं. एका म्हाताऱ्यानं दोनदा माणूस पाठवला, की मला निदान वरचे तरी द्या. घरातलं बोलणं हळूहळू कमी झालं आणि जे उरलं ते कुजबुजीत व्हायला लागलं, जणू मधल्या खोलीत कुणी आजारी आहे.

आणि एका सकाळी पहिली टाकी जागेवर होती. खरी, पितळी.

“कुठं मिळाली, बाबा?” जावयानं विचारलं.

“मिळाली,” सासरे म्हणाले आणि उगाचच शीळ घालायला लागले. खिडकीतल्या ताटलीत एक थाप कमी झाली होती. सज्जात वेलीच्या आड, डाव्या खांबावर, वरच्या बोल्टला ती दातांच्या मेणानं चिकटली होती. इतकी बेमालूम की कठडा बांधणाऱ्यानंही हात लावून बघितला नसता.

चारांतला एकच तर. तीन आहेतच की.

माणसाचा चेहरा असा उजळलेला बघून घरातल्यांना राहवतंय थोडंच? आठवडाभरानं सासूबाईंनी पदराआडून दुसरी टाकी काढली. म्हणाल्या, भंगारवाल्याकडं मिळाली. डावीकडचा खालचा नट, कुंडीमागचा. त्याच्या जागी ताटलीतली थाप, गोंदानं. मग बायकोनं तिसरी आणली. ऑफिसातल्या जुन्या दाराचा नट आहे म्हणाली. उजवीकडचा खालचा, घडीच्या खुर्चीमागचा. तिथं थाप, नखांच्या रंगानं चिकटवलेली. नवऱ्याला आणि आईला तिनं पत्ता लागू दिला नाही, कारण बाबांना द्यायची गंमत एकटीची असते.

उरली एक. सासरे काही मागत नव्हते. नुसते चौथ्या भोकात करंगळी घालून बसत.

जावई लिफ्टचा माणूस. चार बोल्टांचं वजन तीन पेलतात, हे त्याला धंद्यानं शिकवलेलं. तो पान्हा घेऊन सज्जात गेला, उजवीकडच्या वरच्या नटावर हात ठेवला आणि आधी बाकीच्या तिघांकडं नीट बघून घेतलं. तिन्ही जागच्या जागी, सकाळच्या उन्हात लखलखत होते. त्यानं नट काढला, जागी थाप बसवली. चिकटवायला त्याच्याकडं तोंडातलं च्युइंगगम होतं.

सोमवारी नवा आणून बसवायचा, त्यानं मनाशी ठरवलं.

त्या दिवसापासून कठडा उभा होता तो जुन्या रंगावर, गंजावर आणि सवयीवर.

वारा सुटला की सज्जातून बारीक आवाज यायला लागला. टक, टक. कुणीतरी कवळी वाजवावी तसा.

“वरच्यांचं खिडकीचं दार,” सासूबाई म्हणाल्या, पण म्हणताना त्यांनी वर बघितलं नाही.

“किती दिवस सांगतोय त्यांना,” सासरे म्हणाले. तेही दुसरीकडंच बघत होते.

कबुतरं त्या कठड्यावर बसायची. बसायची बंद झाली. पलीकडच्या गच्चीवर रांगेनं बसून इकडं बघत राहायची. खांबाच्या पायथ्याशी तांबडी भुकटी पडायला लागली. सासूबाई ती रोज झाडून काढायच्या. बायको वाळत घातलेले कपडे हल्ली आतून, लांबूनच ओढून घ्यायची. सज्जात जाताना प्रत्येकजण आपापल्या नटापासून जरा दूर उभा राहायचा. म्हणजे चौघं मिळून कुठंच उभे राहायचे नाहीत. पण कुणी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर आपला सांगावा लागला असता.

जावयाचा सोमवार आला आणि गेला. एका इमारतीत लिफ्ट अडकली होती. पुढच्या सोमवारी दुसरी अडकली.

शेवटची रंगरंगोटी झाली आणि एका रविवारी मनोरा पुरा झाला. चारही टाक्या पायथ्याशी ओळीनं, आणि सकाळचा तिरपा उजेड त्यांच्यावर असा काही उतरला, की सासूबाईंनासुद्धा हातातला कप खाली ठेवावासा वाटला.

“फोटो!” सासरे म्हणाले. “खऱ्या उजेडात.”

टेबल सज्जाच्या दाराशी ओढलं. मनोरा दारात, घरातले तिघं त्याच्या मागं खोलीत, आणि सासरे जुना कॅमेरा घेऊन बाहेर, उजेडाच्या बाजूनं. डोळ्यातलं भिंग काढून त्यांनी खिशात टाकलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

“मावत नाहीये.” ते एक पाऊल मागं सरकले. “टोक कापलं जातंय.”

टक.

“आता खरं सांगा,” सासरे कॅमेऱ्याआडून म्हणाले. आवाजात लाडीगोडी होती. “टाक्या कुठून पैदा केल्यात? भंगारवाला म्हणे! भंगारवाल्याकडं असलं पितळ?”

सासूबाईंना हसू आवरेना. “तुमच्याच कठड्याचा काढलाय. खालचा, डावा. बघितलंत कधी?”

“आई!” बायको ओरडली. “अगं, मी पण! उजवा खालचा!”

“अगं चोरटे!”

“तुझीच लेक!”

दोघी एकमेकींच्या खांद्यावर पडून हसायला लागल्या. सज्जात सासरेही हसत सुटले, कॅमेरा हलायला लागला.

“चोरांचं घर आहे हे!” ते म्हणाले. “अहो, पहिला तर मीच काढला! वरचा डावा! ओळखलंत कुणी? आमचं काम आहे ते, जावईबापू, ओळखणार कसं!” आणि त्यांनी आणखी अर्धं पाऊल मागं टाकलं.

जावयाच्या तोंडचं हसू तिथंच गोठलं. त्याची नजर सासऱ्यांच्या खांद्यावरून उजव्या खांबाकडं गेली. वरचा नट उन्हात चमकत होता. खरा वाटत होता. चारही खरे वाटत होते.

“बाबा,” तो म्हणाला. “पुढं या.”

“आणि चौथा? तुमचा कुठला?”

“बाबा, आधी पुढं या. लगेच.” तो टेबलाला वळसा घालायला निघाला, पण दारात टेबल होतं, टेबलावर मनोरा होता आणि दोन्ही बाजूंनी वाट नव्हती.

“हलू नका!” सासरे पहिल्या दिवशी ओरडले होते तसेच ओरडले. “धक्का लागेल त्याला! एक सेकंद, टोक येतंय...”

आणि ते कठड्याला टेकले.

सासरे दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले. कॅमेरा फुटला होता, पण आतला फोटो निघाला. त्यात मनोऱ्याचं टोक कापलं गेलेलं आहे.

दहा-बारा दिवसांनी जावई त्याच हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि कठड्याला टोपीवाले नट आहेत का, असं विचारलं. दुकानदारानं खालच्या फळीवरून एक डबा काढून पुढ्यात ठेवला. डबा पितळी नटांनी भरलेला होता. हल्ली कुणी घेत नाही, म्हणाला.

जावयानं चार घेतले.