तिसऱ्या वांगडाचा नारळ

हुबळीच्या नवनगरात आमच्या शेजारचं घर दोन वर्षं रिकामं पडलं होतं. एका उन्हाळ्यात तिथं एक बाई राहायला आल्या. पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, मूळच्या गोव्याच्या ख्रिश्चन. गल्लीत सगळे त्यांना सिस्टर म्हणू लागले, आम्हीही. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या असूनही त्या मला अक्का म्हणायच्या. आमचं बोलणं कन्नडमध्येच चालायचं, कारण हुबळीत अनोळखी माणसाशी आपण कन्नडच बोलतो.

मी कन्नड शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. नववीला एक धडा असायचा. युरोपातले खलाशी नव्या समुद्रवाटा शोधत निघाले, त्याच सुमारास तिकडं ख्रिस्ती धर्मात फूट पडली, आणि राजांनी त्या भांडणात आपापली सत्ता वाढवून घेतली. ‘राजाचा धर्म तोच प्रजेचा’ हे वाक्य मी फळ्यावर लिहायची आणि खाली दोन रेघा ओढायची. परीक्षेत हमखास यायचं ते. त्यातल्या एका राजाचा हुकूम माझ्या सासरच्या देवघरापर्यंत पोचला होता, हे ठाऊक असूनही मी त्या दोन गोष्टींची गाठ कधी घातली नव्हती.

आमच्या ह्यांचं घराणं चंदगडकडचं. आजोबांच्या वेळी हुबळीला येऊन त्यांनी कापडाचं दुकान टाकलं. कुलदेवी मात्र गोव्यात. तिच्या जत्रेला आम्ही दरवर्षी जातो. सासूबाई सांगायच्या, देवी मुळात नदीच्या अलीकडच्या गावची. पोर्तुगालच्या राजाची माणसं देवळं पाडायला लागली तेव्हा गावकऱ्यांनी मूर्ती पालखीत घातली आणि होडीतून पलीकडं नेली. पलीकडं विजापूरच्या बादशहाची हद्द होती, तिथं त्या राजाचा हुकूम चालत नव्हता. निम्मा गाव देवीमागं गेला, पुढं पांगत घाटावर चढला. ‘राहिले ते बाटले,’ असं म्हणून सासूबाई ती गोष्ट संपवायच्या. मीही ते तसंच ऐकून घ्यायची.

तीन वर्षांमागची गोष्ट. जत्रेला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सिस्टर दाराशी आल्या. हातात खोबरेल तेलाची बाटली, कागदात गुंडाळलेली.

“अक्का, गोव्याला चाललात ना? एवढं देवळात दिव्याला घालाल?”

“कुठल्या देवळात?”

त्यांनी आमच्याच कुलदेवीचं नाव घेतलं. मी उंबऱ्यातच थबकले.

“माझी आई पाठवायची, तिची सासू पाठवायची,” त्या खाली बघत म्हणाल्या. “घरात कुणी याबद्दल बोलायचं नाही. चर्चमध्ये तर नाहीच. आई गेल्यापासून राहून गेलंय.”

मी त्यांना आत बसवलं. गाव विचारलं. नदीच्या अलीकडचंच गाव निघालं, सासूबाईंच्या गोष्टीतलं. तेवढ्यात आमचे हे दुकानातून जेवायला आले. त्यांना सांगितलं तर तेही खुर्चीत बसून राहिले, हात धुवायचंही विसरले.

“बाटली कशाला देता? तुम्हीच चला की,” हे म्हणाले.

खरं सांगायचं तर मला ते रुचलं नाही. देवळाच्या दाराशी कुणी अडवलं तर? चारचौघांत त्यांचा अपमान झाला तर? असं मी स्वतःला सांगत होते, पण सासूबाईंचं ते शेवटचं वाक्यही माझ्यात कुठंतरी होतंच. सिस्टर माझ्याकडं बघत होत्या. तीस वर्षं मुलांना धर्मभेदावर निबंध लिहायला लावणारी मी, त्या नजरेपुढं ओशाळले.

“चला,” मी म्हटलं. “डबा मी करते.”

सकाळी धारवाडहून गाडी पकडली. अळणावर स्टेशन मागं पडलं, जंगल सुरू झालं, तशा सिस्टर मोकळ्या होत गेल्या. लोंड्यानंतर त्यांच्या कन्नडमध्ये कोंकणी मिसळायला लागली, माझ्या कन्नडमध्ये मराठी. घाट उतरेपर्यंत त्या कोंकणी आणि मी मराठी बोलत होतो आणि कुणाचं काही अडत नव्हतं. त्यांनी सांगितलं, वडिलांना गावच्या सामायिक जमिनीतला वाटा मिळायचा. तो गावच्या मूळ घराण्यांनाच मिळतो. अशा घराण्याच्या एकेका शाखेला तिथं वांगड म्हणतात. “आमचा तिसरा,” त्या म्हणाल्या. “पप्पा आम्हांला तेवढं पाठ करायला लावायचे. का, ते नाही सांगितलं.”

देवळापाशी पोचल्यावर मात्र त्या तुळशीवृंदावनाजवळच थांबल्या. निळा फ्रॉक, गळ्यात छोटा क्रूस. तो त्यांनी आत ढकलला, मग पुन्हा बाहेर काढला.

“तुम्ही जाऊन या. मी इथूनच हात जोडते.”

हे आत गेले. मी सिस्टरांसोबत उभी राहिले. थोड्या वेळानं बघते तर ह्यांच्याबरोबर देवळाचे म्हातारे भटजी पायऱ्या उतरून येत होते, एका हातानं धोतर सावरत. ते सरळ सिस्टरांसमोर येऊन उभे राहिले.

“वांगड खंयचो तुमचो?”

“तिसरो,” सिस्टर म्हणाल्या. शाळेतल्या मुलीसारख्या ताठ उभ्या होत्या.

भटजी पायऱ्यांकडं वळले. मग म्हणाले, “चला.”

“आत?”

“तर काय बाहेर? घरचं माणूस तुम्ही.”

आत देवीपुढं नारळ ओळीनं मांडले होते. आम्ही ते इतकी वर्षं बघत आलो होतो, पण कधी विचारलं नव्हतं. भटजींनी सांगितलं की गावच्या प्रत्येक वांगडाचा जत्रेला एक नारळ असतो, ओळीतला पहिला आमच्या वांगडाचा. तिसरा वांगड मूळ गावातच राहिला, त्यांनी राजाचा धर्म घेतला. तरी त्यांच्या नावाचा नारळ देवीपुढं ठेवायचं कुणी बंद केलं नाही. भटजींच्या वडिलांनी ठेवला, आजोबांनी ठेवला. न्यायला कोणी येत नाही म्हणून संध्याकाळी तो फोडून वाटतात.

“यंदा तुम्ही न्या,” असं म्हणून त्यांनी तो नारळ सिस्टरांच्या हातात दिला.

सिस्टर रडल्या. मोठ्यानं नाही, दवाखान्यात रडणाऱ्यांना गप्प करून करून त्यांना आवाज दाबायची सवय झालेली. “देव बरें करूं,” एवढंच म्हणाल्या. मीही पदरानं डोळे पुसले. मनात आलं, राहिलेल्यांनी काय केलं असतं? म्हातारे आईबाप, पिकलेलं शेत, पोटाशी पोर. सगळ्यांनाच कुठं होडीत जागा मिळाली असणार?

ह्यांनी मात्र व्यापारी माणसासारखा सरळ प्रश्न विचारला. “भटजी, आमचा पहिला वांगड. मग हे नातं काय झालं?”

“भाऊबंद तुम्ही. मूळ पुरुष एकच. या तुमच्या बहीण लागतात.”

हे खदखदून हसले. “इतके दिवस नुसतंच सिस्टर म्हणत होतो!”

तेव्हा सिस्टरही हसल्या, नाक पुसत. आणि माझ्या लक्षात आलं की सदतीस वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदाच नणंद आली. ह्यांना सख्खी बहीण नाही. मी आजवर निवांत होते.

त्या दिवाळीत भाऊबीजेला ह्यांनी त्यांना रीतसर जेवायला बोलावलं. त्या नव्या फ्रॉकमध्ये आल्या, येताना केक घेऊन. ओवाळायचं कसं ते माहीत नव्हतं. मी ताट हातात दिलं आणि सांगत गेले: कुंकू, अक्षता, आता ताट असं फिरवा. अक्षता निम्म्या ह्यांच्या चष्म्यावर पडल्या. साडी त्या नेसत नाहीत, म्हणून ह्यांनी चांगल्यातलं फ्रॉकचं कापड दुकानातून आणून ठेवलं होतं. त्यांनी ते उजेडात धरून उभं-आडवं ताणून बघितलं आणि रंग जाणार नाही ना, असं विचारलं.

जेवताना त्यांनी पुरणपोळी दोनदा घेतली. आमटी चाखून म्हणाल्या, “अक्का, चांगली आहे. पण जरा आंबट कमी पडली.”

“ऐकलंस?” हे मला म्हणाले.

मी चिंचेचा कोळ आणायला उठले. स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच हसत होते. बाहेर ती दोघं कापडाच्या रुंदीवरून वाद घालत होती, एक कोंकणीत, दुसरा मराठीत, आणि आकडे तेवढे दोघंही कन्नडमध्ये मोजत होती.