खोल पाण्यासाठी रीळ

आमच्या भागात नळाला चार दिवसांनी पाणी येतं, आणि ते पहाटे साडेपाचच्या सुमारास येतं. नेमकं त्याच वेळी तिकडे अमेरिकेत अण्णांचं रात्रीचं जेवण उरकलेलं असतं. त्यामुळे मागचा सगळा उन्हाळा एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात फोन धरून मी समुद्रातल्या माशांसाठी काठी आणि रीळ निवडत होतो. मी स्वतः आयुष्यात कधी गळ धरलेला नाही.

अण्णा माझे थोरले भाऊ. यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो चालता करायचा, हे त्यांचं काम. सुट्टी मिळाली की तलावावर गळ टाकून बसायचे. मुलगी लग्नानंतर अमेरिकेला गेली, आणि नोकरीतून मोकळे झाल्यावर ते पहिल्यांदाच तिच्याकडे राहायला गेले. जावईही मासेमारीचा हौशी. त्यानं ठरवलं की सासऱ्यांना बोटीनं खोल समुद्रात न्यायचं. तिथं दोनशे मीटर खाली चिखलात बीळ करून राहणारा टाइलफिश नावाचा मासा मिळतो. मोठ्या डोक्याचा, अंगावर पिवळे ठिपके. मला फोटो आला होता.

फोटोच्या आधी पुतणीचा फोन आला होता, आणि खरं काम त्या फोनमुळंच माझ्या गळ्यात पडलं. ती म्हणाली, "काका, हे दोघं 'जेवलात का'च्या पुढं बोलतच नाहीत. समोरासमोर बसले की मला टीव्ही लावावा लागतो. अजून सगळा उन्हाळा काढायचाय. ही ट्रिप तेवढी नीट होऊ दे."

ती कशी नीट होणार होती? आमच्याकडे सासरा जावयाला काही विचारत नाही. जावई म्हणजे मानाचा माणूस, त्याच्यापुढं आपल्याला एखादी गोष्ट येत नाही असं दाखवायचं नसतं. जावईही त्याच वळणाचा, सासऱ्यांचा शब्द खोडायचा नाही. तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला हवं ते निवडा, मी मागवतो," आणि त्यानं अण्णांच्या मोबाईलवर काठ्या आणि रिळांची चित्रं पाठवून दिली. अण्णांनी ती मला सोलापूरला पाठवली. ज्याला सगळं कळतं तो माणूस पलीकडच्या खोलीत बसलेला, आणि फोन मला.

"त्यांना विचारा की," मी म्हणालो.

"जावयाला काय इचारायचं? तुला आकडं कळत्यात, तू सांग."

आकडे कळतात हे खरं. सूतगिरणीत हिशेब बघतो. म्हणून मी प्रत्येक चित्राखालची माहिती वाचली आणि त्यांना मराठीतून सांगितली. काठी साडेपाच-सहा फुटांची, आखूड आणि जाड बुंध्याची, शेंडा मात्र थोडा लवचीक, कारण मासा इतक्या खाली नुसता टोचा मारतो आणि तो वर कळायला हवा. इथपर्यंत भांडण नव्हतं. भांडण रिळावरून झालं. रिळं दोन तऱ्हेची, हातानं फिरवायची आणि विजेवर चालणारी. मी पहिल्याच आठवड्यात विजेचं सुचवलं. अण्णांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ही गोष्ट त्यांनी तिकडे कुणाला सांगितली नव्हती, मलाही सांगायची बंदी होती.

"बटन दाबून मासा वर काढायचा, तर मी कशाला जाऊ?" अण्णा म्हणाले. "लिफ्टच की ती."

मी हिशेब मांडला. रीळ भरलेलं असताना हँडलच्या एका फेऱ्याला साधारण मीटरभर दोरा येतो, रिकामं होत आलं की निम्माच. म्हणजे तळापासून वर यायला तीनशेच्या आसपास फेरे, खाली दोऱ्याला बांधलेलं शिसं आणि नशीब असलं तर मासा. हे त्यांना मान्य होतं. आयुष्यभर मागावर सुताच्या कांड्या भरल्या-रिकाम्या होताना बघितलेला माणूस. पण त्यावर त्यांनी तोडगा काढला तोही सुताचाच. दोरा बारीक पण घट्ट विणीचा घ्यायचा, म्हणजे रीळ लहान चालेल, लहान म्हणजे हलकं, आणि हलकं म्हणजे हाताचं चालेल. आता किती फेऱ्यांनी खांदा दुखतो ते तेवढं मी बघून सांगायचं.

मी म्हणजे माझा खांदा.

म्हणून एका रविवारी मी आमच्या कुंभारी गावातल्या शेताच्या विहिरीवर गेलो. जुना सूत गुंडाळायचा चरखा कठड्याला बांधला, वाण्याकडून आणलेलं दोन किलोचं वजन सुतळीला बांधून खाली सोडलं आणि चरखा फिरवत बसलो. बांधावर शेळ्या चारणारी शेजारची म्हातारी बराच वेळ बघत होती.

"पानी आटलंय का बगाया लागलाय व्हय?"

मासे धरायचं बघतोय, असं मी म्हणालो.

"ह्या हिरीत?"

"अमेरिकेतले."

तिनं शेळ्या थोड्या लांब नेल्या.

वर-खाली करत तीनशे फेरे झाले, खांदा भरून आला पण टिकला. सुतळी सरळ तळाला गेली होती, ओळंब्यासारखी. तेही मी फोनवर सांगितलं, आणि तिथंच सगळा घोळ झाला. अण्णा म्हणाले, विहिरीला पोहरा सोडताना आपण दोर किती जास्त ठेवतो? दोन-चार हात. मग दोनशे मीटरला सव्वादोनशे लई झालं, फार तर अडीचशे. मला ते हिशेबाला पटलं. अडीचशे मीटर दोरा मावेल असं हाताचं रीळ नक्की झालं, जावयानं "बरं बाबा" म्हणून तेच मागवलं, आणि माझ्यामागचं एक काम संपलं असं मी बायकोला सांगितलं.

ट्रिपच्या दुसऱ्या दिवशी पुतणीचा मेसेज आला. "काका, आधी होतं त्यापेक्षा वाईट झालंय."

पुढच्या पाण्याच्या दिवशी अण्णांचा फोन. समुद्राला प्रवाहाची ओढ असते, बोटही वाऱ्यानं सरकते. दोरा खाली न जाता तिरका लांब गेला, रीळ संपलं, तरी शिसं लोंबकळतच राहिलं. बाकी सगळ्यांची शिसं तळाला. जावयानं स्वतःची काठी पुढं केली, तर अण्णा "असू दे" म्हणाले आणि किनारा येईपर्यंत कठड्याला टेकून बसले. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही.

"हिशेब तू केलास," अण्णा म्हणाले.

माझी टाकी अर्धी भरली होती. रविवारचा चरखा आठवला, ती म्हातारी आठवली. मी म्हणालो, "फोन जावईबापूंना द्या."

"कशाला?"

"द्या. आणि आवाज मोठा करून मध्ये ठेवा. दोघंही ऐका."

खुर्ची सरकली आणि जावई म्हणाला, "बोला काका."

"दोनशे मीटर पाण्याला दोरा किती लागतो?"

"पाचशे तरी असलेला बरा."

"हे मागवायच्या आधी माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बाबांनी विचारलं नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, त्यांचा काही विचार असेल."

मग अण्णांचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

"मग शिसं किती लावायचं, जावईबापू?"

"ओढीवर आहे, बाबा. जास्त असली तर दोन किलोसुद्धा."

"एवढा दोरा आन् त्यात दोन किलो. मग हातानं न्हाय जमायचं मला. ह्यो खांदा बगा की तुमी. ह्याच्या वर जातच न्हाय."

"कधीपासून?"

"लई वर्सं झाली."

जावई म्हणाला की विजेचं रीळ घेऊ, त्याला हाताचं हँडलही असतं. खालून वर आणायचं काम बटणावर सोपवायचं, मासा जवळ आला की बाबांनी हातानं ओढायचा.

"असलं बी असतंय व्हय?" अण्णा म्हणाले.

असतं. त्यांनीच मला पाठवलेल्या तिसऱ्या चित्रात ते होतं, आणि मी ते त्यांना दोनदा वाचून दाखवलं होतं. मी तसं म्हणालोही, पण ऐकायला कुणी रिकामं नव्हतं. जावई काठीच्या शेंड्याबद्दल सांगत होता, अण्णा त्याला मध्येच तोडून दोऱ्याची वीण विचारत होते, आणि मागून पुतणी कुणाला तरी टीव्ही बंद करायला सांगत होती.

बायको आतून म्हणाली की टाकी भरून अंगणात पाणी वाहतंय, आणि पुढचं पाणी चार दिवसांनी आहे हे मला माहीत आहे ना. मी फोन ठेवतो म्हणून सांगितलं. कुणी हो म्हणालं नाही. मी फोन कट केला आणि नळी उचलायला गेलो.