गुरांच्या हौदातला समुद्र

वाहतं पाणी दिसलं की वाघमारे सर उकिडवे बसत. शाळेच्या नळाचा ओघळ असो की सेलूच्या मोंढा बाजारातली गटार, एखादी काडी आडवी लावायची आणि पाणी काय करतंय ते बघत राहायचं. मी गणिताचा मास्तर, मला तासाला जायची घाई. ते शांतपणे म्हणत, "थांबा की सर. पानी थकलं की माती टाकतंय, बघा."

विद्यापीठाच्या नामांतराचा विषय निघाला की स्टाफरूममध्ये सगळे कपात तोंड घालून बसत, ते हे दिवस. विज्ञानाच्या या पदवीधराला कैक वर्षं चित्रकला शिकवायला लावली होती. प्रयोगशाळेची किल्ली आत्ता कुठे मिळालेली. मला याचा संताप यायचा आणि मी गप्प बसायचो, हेही सांगितलं पाहिजे.

त्या वर्षी दक्षिणेत समुद्राच्या लाटांवर वीज करणार अशी बातमी पेपरात आली. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सरांनी तोच विषय धरला. लाटेतला जोर यंत्रानं काढून घेतला, तर मागच्या किनाऱ्याचं काय होईल? हेडमास्तर म्हणाले, परभणीत समुद्राचं काय काम, आणि हसं झालं तर किल्ली टेबलावर आणून ठेवा.

सरांनी गुरांना पाणी पाजायचा पत्र्याचा हौद मिळवला. किनारा म्हणून आधी वावरातली काळी माती घातली, आणि तासाभरात समुद्राची रबडी झाली. स्टाफ पोट धरून हसला. मग दुधना नदीची वाळू आली. बूटपॉलिशच्या रिकाम्या डब्या दोरीत ओवून पाण्यावर सोडल्या, ते वीजयंत्र. टोकाला फळी हलवली की लाटा.

प्रदर्शनात परीक्षक कोकणात बंदरं बांधलेले इंजिनिअर होते. डब्या किनाऱ्यापासून एवढ्या लांब, त्यांचा वाळूशी काय संबंध, असं त्यांनी विचारलं. सर फळी हलवत राहिले. हेडमास्तर घड्याळ बघू लागले. अर्ध्या तासानं डब्यांच्या मागं वाळूचं पोट पुढं आलं आणि दोन्ही बाजूंचा किनारा खचला. परीक्षक साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हे कुठल्या पुस्तकातलं, असं विचारलं.

"पुस्तकातलं न्हाई साहेब. मायनं शिकवलं," सर म्हणाले.

माय कोपऱ्यात उभी होती, गावाहून एस.टी.नं आलेली. जन्मभर लोकांच्या वावरात घळीला तुराट्यांच्या ताट्या लावून तिनं माती अडवली होती. त्यातलं एक ढेकूळ तिच्या मालकीचं नव्हतं. साहेबांनी तिला खुर्ची दिली. ती हौदात वाकून बघत लेकालाच बोलली, "इतकं दाट कशाला लावलास? कडंनं फोडायलंय पानी. इरळ लाव, थोडं जाऊ दे."

सरांनी मधल्या काही डब्या काढल्या, वाळू सारखी केली, पुन्हा फळी हलवली. या खेपेला कडा शाबूत राहिल्या. मला इतका आनंद झाला की मी भर मंडपात सरांना मिठी मारली.

पहिला नंबर संध्याकाळी जाहीर झाला. किल्ली सरांकडेच राहिली. माझ्या लेखी मात्र निकाल दुपारीच लागला होता. साहेब डायरी उघडून मायच्या खुर्चीपाशी सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "आजी, घळ तिरपी असली तर फट कुठं ठेवायची?" माय सांगत गेली, आणि बंदरं बांधलेला तो माणूस लिहून घेत गेला.