साठीच्या गाण्यातलं गाळलेलं कडवं

व्हिगो क्लाउसन धुराडी साफ करतो. डेन्मार्कमधल्या युटलंडच्या त्या वादळी किनाऱ्यावर जेवढी घरं तेवढी धुराडी, आणि प्रत्येक धुराड्यासाठी वर्षातून एकदा व्हिगोला यावंच लागतं. काळा कोट, पितळी बटणं, डोक्यावर उंच काळी टोपी, खांद्यावर लवचीक तारेचा गुंडाळलेला झाडू. त्याला हात लावला तर नशीब उघडतं असं म्हणतात, त्यामुळे म्हाताऱ्या बायका दारातच त्याची बाही चोळून घेतात आणि मग म्हणतात, "कॉफी ठेवलीये रे."

घात तिथेच होतो. कॉफी कधी एकटी येत नाही. तिच्याबरोबर लोण्याची बिस्किटं येतात, दालचिनीच्या गोड पावाची गुंडाळी येते, आणि एखाद्या घरी तर "तू येणार म्हणून केला" असा सफरचंदाचा केक. नाही म्हटलं तर बाई वर्षभर मनात ठेवते. एवढी घरं फिरणाऱ्या माणसाने काय करायचं?

बारा वर्षांपूर्वी व्हिगोने पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. तेव्हा तो शिडीच्या पायऱ्या मोडत असे आणि माळ्याच्या झडपेतून त्याला वर ढकलायला घरमालकाला बोलवावं लागे. डॉक्टरांनी पोटाचं अंड्याएवढं गाठोडं करून ठेवलं आणि दीड वर्षात व्हिगो अर्धा झाला. अख्ख्या तालुक्यात तो नवलाचा विषय होता. वर्षाने दार उघडणारी माणसं किंचाळत, "अरे, बाकीचा कुठे ठेवून आलास?"

इस्पितळालाही त्याचा अभिमान. हॅने नावाची नर्स नव्या रोग्यांच्या बैठकीत त्याला पुढे उभा करायची. व्हिगो आपली जुनी काळी पँट आणायचा, एकाच पायात स्वतःचे दोन्ही पाय घालायचा आणि ससा उडी मारतो तशी उडी मारून दाखवायचा. टाळ्या पडायच्या. पन्नासाव्या वाढदिवसालाही गावच्या सभागृहात त्याने तीच उडी मारली होती, आणि त्याच्या थोरल्या बहिणीने, गेर्डाने, रचलेल्या गाण्यात सगळ्यांत गाजलेलं कडवं होतं ते असं:

परवा होता पिंप आमचा, आज झाला काठी,
धुराड्यातून सोडा याला झाडूच्याच पाठी!

पहिली काही वर्षं केकचा एक घास जास्त झाला तरी व्हिगोला दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची, व्हॅनमध्ये आडवं पडावं लागायचं. शरीरच पहारेकरी होतं. पुढे पहारेकऱ्याला डुलकी लागली. एकदम खाणं त्याला आजही जमत नाही. पण अर्धं बिस्किट इथे, पाव गुंडाळी तिथे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, हे मात्र त्या अंड्याएवढ्या पोटाने बिनतक्रार शिकून घेतलं. वजन चोरासारखं परत आलं, मागच्या दाराने, बूट हातात धरून.

मग लोकांचं बोलणं बदललं. दार उघडून बायका आधी त्याच्याकडे, मग पटकन वर बघत आणि म्हणत, "टोपी छान दिसतेय हं या वर्षी." टोपी तीच होती. हॅनेचा फोन आला की व्हिगो तो वाजू देई. वर्षाची तपासणी चुकली, मग पुढची चुकली, आणि मग इतक्या चुकल्या की आता कोणत्या तोंडाने जायचं, असं झालं. वजनकाट्याची त्याला भीती नव्हती. त्याला भीती होती ती हॅनेच्या चेहऱ्याची.

आणि आता साठावा वाढदिवस. म्हणजे पुन्हा सभागृह, पुन्हा सगळी बाही चोळणारी मंडळी, आणि पुन्हा गेर्डाचं गाणं. तिकडे रीत अशी की जवळच्या माणसाने ओळखीच्या चालीवर गाणं रचायचं, छापून वाटायचं, सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, आणि ज्याचा दिवस आहे त्याने मधोमध बसून हसत ऐकायचं. जितका जीव जास्त तितकी थट्टेने चामडी जास्त सोलायची. गेर्डा निवृत्त शाळामास्तरीण. तिने सोललेल्या माणसाला कातडं परत मिळत नाही.

"गेर्डाला सांगितलंस का काही? गाण्याबद्दल?" व्हिगोने बायकोला, रिग्मोरला, दहादा विचारलं.

"मी कशाला सांगू? तिचं ती बघेल," असं म्हणून रिग्मोर बटाटे सोलत राहिली.

त्यात कपड्यांची पंचाईत. एकही पँट कमरेला लागेना. दुकानात जाऊन माप द्यायचं म्हणजे गावात बोभाटा. शेवटी रिग्मोर बाजारात गेलेली बघून व्हिगो माळ्यावर चढला आणि पेटीतून ती काळी पँट काढली. उडीची. त्याने ती घातली. एका पायात एक पाय, दुसऱ्यात दुसरा. कमरेला नीट बसली. थोडी घट्टच. व्हिगो तसाच पेटीवर बसून राहिला, आणि रिग्मोर आल्यावर म्हणाला, "नवी घेतली. सेलमध्ये होती."

"बरी आहे," रिग्मोर म्हणाली.

सभागृहात भाजलेलं डुकराचं मांस, कुरकुरीत कातडं, तपकिरी रस्सा, उकडलेले बटाटे. व्हिगोने ताटात तीन बटाटे घेतले आणि सगळ्यांसमोर एकच खाल्ला. मग शेजारचा ओव्ह, कोळी माणूस, त्या दिवसाचा सूत्रधार, त्याने पेल्यावर चमचा वाजवला. "मंडळी, आपापली टोपी उचला!" प्रत्येक ताटाशेजारी काळ्या कागदाची उंच टोपी होती आणि तिच्याखाली गाणं.

पियानो सुरू झाला. पहिलं कडवं व्हिगोच्या व्हॅनवर, जी उलटी नेताना त्याने पाद्रीबाईंची टपालपेटी पाडली होती. दुसरं छपरावर बसून तो बेसूर गातो त्यावर. तिसरं त्याच्या कुत्र्यावर, जो त्याच्यापेक्षा जास्त हुशार. प्रत्येक कडव्याला व्हिगो पोट आत ओढून तयार बसे, जसा दाताच्या डॉक्टरकडे माणूस बसतो. चौथं गुलाबाच्या ताटव्यात पडण्यावर. पाचवं साठी आणि सुखाच्या शुभेच्छांवर.

गाणं संपलं. "हुर्रा! हुर्रा! हुर्रा!"

व्हिगोने कागद उलटवला. मागे काही नव्हतं. त्याने वर पाहिलं. सगळं सभागृह सुटकेचा श्वास टाकत होतं. ओव्ह टोपीशी खेळत होता. पाद्रीबाई टेबलावरच्या फुलांकडे भक्तिभावाने बघत होत्या. तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसावं तशी दीडशे माणसं त्याला सांभाळून घेत होती. व्हिगोचे कान पेटले. सोलायचंही सोडून द्यावं, एवढा आपण कामातून गेलो?

तो उठून गेर्डाच्या टेबलाशी गेला. "हे कमी आहे."

"काय कमी आहे, धाकट्या? पाच कडवी रचली, यमकासकट."

"माझ्यावर गाणं केलंस आणि माझं पोट त्यात नाही? दहा वर्षांपूर्वी होतं की."

गेर्डाने भावजयीकडे पाहिलं. "मी सांगितलं होतं हिला, हा विचारणार म्हणून. हिचा फोन आला, वजनाचं एक अक्षर लिहिलंस तर पुन्हा दारात येऊ नकोस म्हणून. इतकं छान कडवं होतं!"

"त्याला लागलं असतं," रिग्मोर हळू म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"म्हण," व्हिगो म्हणाला.

"इथे? सगळ्यांसमोर?"

"मागच्या वेळीही सगळ्यांसमोरच म्हटलं होतंत ना?"

पियानोवाल्याने घाबरत घाबरत सूर धरला. गेर्डा उभी राहिली आणि शाळेतल्या खणखणीत आवाजात म्हणाली:

पोट होतं गेलं त्याचं गावाबाहेर लांब,
घरची ओढ लागली, म्हणालं, "आलोच हं, थांब!"
आलंय तर बसू दे की, खुर्ची द्या त्याला,
साठ वर्षांचा सोबती तो भेटायला आला!

कुणी हसेना. मग ओव्हच्या नाकातून काहीतरी फुटलं आणि त्याच्यामागून सगळं टेबल. व्हिगोही हसला, पण कान लालच होते. ते हसणं खरं होतं, आणि खाली जे जळत होतं तेही खरं होतं. तो म्हणाला, "ही पँट नवी नाही." हसणं थांबलं. "ही ती आहे. उडीची."

आता सगळे त्याच्याकडे बघत होते, टोपीकडे नाही. पाद्रीबाईंनी पाणी पुढे केलं. गेर्डालासुद्धा यमक सुचेना. ती फक्त म्हणाली, "बस, धाकट्या."

तो रिग्मोरशेजारी बसला. "खोटं बोललो तुझ्याशी."

"माहीत आहे."

"कसं?"

"त्या पँटचं वरचं बटण गेलेलं होतं, व्हिगो. तुला वाटलं ते माळ्यावर आपोआप उगवलं?"

तेवढ्यात थरांचा केक आला, साय आणि स्ट्रॉबेरीचा. व्हिगोने एक तुकडा घेतला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. बटाट्यासारखा नाटकी नाही, साधा. गोड लागला आणि लाजही वाटली, दोन्ही एकाच घासात.

सोमवारी व्हॅन रस्त्याकडेला लावून त्याने इस्पितळात फोन केला. हॅनेने आवाज ओळखला.

"कुठे होतास इतकी वर्षं?"

"छपरावर," व्हिगो म्हणाला.

"माझे निम्मे जुने रोगी छपरावरच असतात. शरीर वजन परत मागतंच रे, त्यावर आता औषधं आहेत, उपाय आहेत. पण आधी खाली उतरावं लागतं. गुरुवारी येशील?"

व्हिगोने बाहीवरची काजळी झटकली. "ती पँट... घेऊन येऊ का?"

हॅनेला कळलं होतं.

"घालून ये," ती म्हणाली.

फोन ठेवून व्हिगो पुढच्या घरी गेला. म्हातारीने बाही चोळली आणि कॉफी ठेवली, बिस्किटांसकट. "आज नुसती कॉफी, आजी," तो म्हणाला, आणि तिच्या पाकिटातून पैसे काढताना सापडल्यासारखा लाल झाला. आजीने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं, टोपीवर न थांबता.

"बरं," ती म्हणाली आणि बशी उचलून आत घेऊन गेली.