वाळवंटातली मोटारसायकल आणि आईचा काथ्या

माझी मोटारसायकल वाळवंटात चालण्यासाठी बनवलेली होती आणि मी नायगावच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. पुढे जे झालं त्याला एवढं एक कारण पुरेसं आहे.

महायुद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्यांपैकी ही एक. वाळू, चिखल, खाचखळगे, कशातूनही जाईल, असं तिच्याबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत लिहिलं होतं. (पुस्तिका मी चार वेळा वाचली होती. गाडी तितक्या वेळा चालली नव्हती.) वाळूच्या वादळांना पुरून उरलेलं हे यंत्र गिरण्यांच्या कापसापुढे मात्र हरलं. नायगावच्या हवेत कापसाचे तंतू उडायचे, ते एअर फिल्टरच्या जाळीत जाऊन बसायचे, आणि गाडी दमेकऱ्यासारखी खोकून जिन्याखाली आडवी व्हायची.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. त्या दिवशी हरताळ होता आणि दुपारी परळच्या मैदानावर सभा. आमच्या चाळीचे सेक्रेटरी दाजी परब यांनी परस्पर जाहीर करून टाकलं, की मोर्च्याच्या अग्रभागी माझी मोटारसायकल असेल आणि मागच्या सीटवर झेंडा घेऊन ते स्वतः. दाजींना अग्रभाग फार प्रिय. अंत्ययात्रेतसुद्धा ते मडकं धरणाऱ्याच्या दोन पावलं पुढे चालायचे.

हे ऐकून माझ्या बायकोने, सुमनने, शांतपणे अट घातली. "आज ही मैदानापर्यंत गेली तर राहू दे. नाही गेली तर उद्या भंगारवाला. जिन्याखाली मला कोळसा ठेवायला जागा हवीय."

"मंजूर," मी म्हटलं.

भायखळ्याच्या मेकॅनिकला दाखवा, असं चाळीतल्या प्रत्येकाने सांगितलं. हरताळामुळे त्याचं गॅरेज बंद होतं. पण उघडं असतं तरी मी गेलो नसतो. दिल्लीपुढे वाकायचं नाही असं ठरवलेला माणूस एका फिल्टरपुढे वाकणार होता काय!

मी फिल्टरची डबी उघडली, तारेची गोल जाळी बाहेर काढली आणि रॉकेलमध्ये धुतली. निम्मी गादी भरेल एवढा काळा कापूस निघाला. जाळी सावलीत वाळवावी, असं पुस्तिका सांगत होती. सावली फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. तिथे ती ठेवून मी दाढी करायला बसलो. (अग्रभागी जायचं म्हणजे दाढी हवी.)

परत आलो तर खिडकी रिकामी. मोरीत आई बांगडे तळलेला तवा राखेने घासत होती, आणि कशाने घासत होती ते पाहून माझ्या हातातला टॉवेल गळला.

"बरी घासणी हाडलंस रे," आई कौतुकाने म्हणाली. "पयल्यांदाच कामाची वस्तू घरात इली. तवो बघ, आरसो झालो."

तव्याचा आरसा झाला होता आणि जाळीची जिलबी. मी ती मागितली, पण आई देईना. तिचं म्हणणं, तव्याला पटलेली वस्तू आता तव्याची. वर उदारपणे तिने स्वतःचा नारळाचा काथ्या पुढे केला. "तुका घासणीच होयी ना? ह्यो घे."

दुपारचे दोन वाजले होते. दुकानं बंद. मी काथ्या घेतला, कात्रीने गोल कापला आणि डबीत कोंबला. जाळी बसवण्याआधी तेलात भिजवावी, असा पुस्तिकेचा आग्रह होता. इंजिनचं तेल घरात नव्हतं. बांगडे तळून उरलेलं वाटीभर होतं. कोणतं तेल वापरू नये याची यादी पुस्तिकेत दिलेली नव्हती.

"गाडीला फोडणी देताय?" सुमनने विचारलं. मी डबीचं झाकण लावलं. संशोधकाने असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

आणि तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली! मी सुमनकडे असं पाहिलं, जणू मुंबई आत्ताच मिळाली.

हिंदमाता सिनेमापर्यंत मी, मागच्या सीटवर दाजी आणि पाठीमागे मोर्चा, असे आम्ही ऐटीत गेलो. मग काथ्यातलं तेल इंजिनने ओढून घेतलं आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. पाठचे लोक अश्रुधूर समजून रुमाल ओले करू लागले. जवळच्यांना मात्र वासाने भूक लागली. पोलिसांची रांग समोर दिसली, त्याच क्षणी काथ्याचा उरलेला भागही इंजिनने गिळला आणि गाडी भर चौकात बंद पडली.

"गाडी बाजूला घे," इन्स्पेक्टर म्हणाले.

मी ढकलून पाहिली. गाडी लष्करी वजनाची, गिअरमध्ये अडकलेली आणि वर दाजी. मी त्यांना उतरायची विनंती केली. दाजींनी पोलिस पाहिले, गर्दी पाहिली, आणि झेंडा उंच करून गर्जना केली, "इथून एक इंच हलणार नाही!"

"साहेब, मला हलायचंय हो," मी म्हणत होतो. पण तोवर हजार माणसं दाजींचंच वाक्य म्हणू लागली होती. इन्स्पेक्टरांनी पाऊण तास वाट पाहिली, माझ्या डोळ्यांतलं पाणी (ते धुराचं होतं) निश्चयाचं समजले आणि मोर्च्याला आमच्या दोन्ही बाजूंनी वाट दिली.

संध्याकाळी चाळीत माझा सत्कार झाला. एक हार मला, एक गाडीच्या हँडलला. दाजी माझ्या ताठ कण्याबद्दल बोलले. मी तो ताठच ठेवला. सुमन पुढच्याच रांगेत बसली होती.

"मैदान अजून अर्धा मैल होतं," ती मला ऐकू येईल इतपत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शब्दाला जागून तिने भंगारवाला बोलावला. दाजी कमिटीसह जिन्याखाली आडवे उभे राहिले. गाडी ऐतिहासिक आहे, ती एक इंच हलणार नाही! आणि खरोखरच ती पुन्हा कधी हललेली नाही. सुमन तिच्यावर कोळशाची पोती ठेवते.

मी मात्र आजही म्हणतो, की ते यंत्र उत्तम होतं. पुरावा आमच्या मोरीत आहे. ती तारेची जाळी अजून रोज तवा लखलखीत करते. गाडीचा तेवढा एकच भाग इतकी वर्षं विनातक्रार चालतो आहे, कारण तेवढाच मी परत बसवलेला नाही.